सिरसट सिस्टरची सुपारी

वत्सला सिरसट या बाईंचा मला अकरा वर्षं हेवा वाटला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही तिरकं लिहिलं तर वाचणाऱ्याला त्याचं कारण ठाऊक असेल. नेकनूरच्या पुढच्या एका गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा मी वैद्यकीय अधिकारी, आणि त्या तिथल्या सिस्टर. माझ्याकडे काचेचं टेबल, फिरती खुर्ची, दारावर नावाची पाटी. त्यांच्याकडे एक लाकडी स्टूल. तरी गावातली म्हातारी माणसं माझ्यासमोर येऊन खोकून दाखवत, गोळ्या घेत आणि मनातलं बोलायला त्या स्टुलाकडे जात.

आता हेवा नेमका कशाचा, तेही सांगतो. पिकल्या वयाचं माणूस दुखण्याला लागलं की त्याच्या पोटात काही गोष्टी असतात. मला कुठे न्या, कुठे नेऊ नका, नळ्या घाला किंवा घालू नका, माझी शुद्ध गेली तर माझ्या वतीने कोण बोलेल. ते एखाद्याने तरी आपण होऊन मला सांगावं, एवढीच माझी हौस होती. डॉक्टर मी होतो, शिकलेला मी होतो. पण सांगणारे सगळे तिकडे.

बाई दिसायला काही खास नव्हत्या. बेताची उंची, खरखरीत आवाज, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. उन्हाळा सोडला तर एरवी कायम पांढऱ्या साडीवर नवऱ्याचा जुना स्वेटर. चहा बशीतच पिणार, आणि तोही आधी कोपऱ्यातल्या पेशंटला विचारून. कामाच्या म्हणाल तर माझ्या डोक्याला ताप होता. लसीकरणाचं रजिस्टर कधी पूर्ण नाही, मेमो यायचा तो माझ्या नावाने. औषधाच्या कपाटाची किल्ली कमरेला खोचून घरी निघून जायच्या आणि मी शिपायाला त्यांच्यामागे पळवायचो. मोबाइलमध्ये माहिती भरायची म्हटली की, ह्या डबड्याला माझं बोट वळखू येत न्हाई, असं म्हणून तो माझ्यापुढे सरकवत. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या पोराने शिक्षिकेशी लग्न कसं जमवलं, हे सगळं त्यांच्याकडून अर्ध्या गावाला कळायचं. फक्त म्हाताऱ्यांनी त्या स्टुलाजवळ जे सांगितलं, त्यातला एक शब्द अकरा वर्षांत बाहेर आला नाही. या एका बाबतीत बाईंची जीभ इतकी आवरती कशी, याचंही मला नवल वाटायचं आणि रागही यायचा.

त्यांची एक पद्धत होती. म्हातारं माणूस आलं की त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा आणि तसाच ठेवायचा. हवा भरायची नाही. मग स्टूल पुढे ओढून बसायचं आणि विचारायचं, "घाई हाय का?" बाहेर पन्नास माणसांची रांग असो, दारात जीप उभी असो, हा प्रश्न ठरलेला. एकदा मी चिडून विचारलं की पट्टा बांधून दहा मिनिटं नुसत्या गप्पा कसल्या मारता. त्या म्हणाल्या, पट्टा बांधलेलं माणूस उठून जात न्हाई साहेब, आन् आपुनबी उठून जात न्हाई. मी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या आठवड्यात दार लावून घेऊन एका आजोबांवर मीही तो प्रयोग करून बघितला. पट्टा बांधला, हवा भरली नाही, त्यांच्याकडे बघत बसलो. जरा वेळाने आजोबा म्हणाले, "डॉक्टर, मशीन बिघडली का?"

मग जिल्ह्याला एक प्रशिक्षण झालं. बीडला दिवसभर बसवून आम्हाला सांगितलं की वयस्क रुग्णांशी त्यांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल आधीच बोलून ठेवा, वेळ आल्यावर घरच्यांची फरफट होते. विषय मला मनापासून पटला. त्यातही आपली हौस भागायचा हा सरकारी मार्ग आहे, असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. चार पानी छापील फॉर्म मिळाले होते. वर ठळक अक्षरांत ‘वैद्यकीय इच्छापत्र’, आत ‘मरणासन्न अवस्थेत’ अशी सुरुवात, शेवटी सही किंवा अंगठा. सिस्टरना मी मुद्दाम यातून बाहेर ठेवलं. म्हटलं, हे लिखापढीचं काम आहे, तुमचं रजिस्टर आधी पुरं करा.

पहिला फॉर्म मी दगडूआबांचा भरला. आबांना दम्याचा जुना आजार, दर थंडीत बीडला भरती. त्यांना मी सगळी चार पानं वाचून दाखवली. आबा मान डोलवत राहिले आणि शेवटी त्यांनी अंगठा दिला. मी खूश होऊन कागद फायलीला लावला. दुपारी त्यांचा थोरला मुलगा शेतातून तसाच, चिखलाच्या पायांनी आला. त्याच्यामागे सरपंच, त्याच्यामागे आणखी सहा-सात जण.

"माझ्या बापाचा अंगठा कावून घेतला?" तो दारातूनच म्हणाला.

मी म्हटलं, इच्छापत्र आहे. हा शब्द तोंडातून गेला आणि मी गेलो. आमच्या भागात इच्छापत्र म्हणजे जमिनीचं मृत्युपत्र, दुसरा अर्थच नाही. त्याची खात्रीच पटली की धाकट्या भावाने डॉक्टरला हाताशी धरून विहिरीकडचा तुकडा आपल्या नावावर करून घेतला. धाकटा ज्ञानोबा पाठोपाठ आला, त्याला वाटलं थोरल्याने करून घेतला. मी फॉर्म दाखवत होतो, त्यात मरणासन्न वाचून थोरला जास्तच भडकला. चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाला मरणासन्न लिहिता, म्हणून सरपंचही माझ्यावर उलटले.

आतून सिस्टर आल्या. त्यांनी कुणालाच काही समजावलं नाही. सगळ्यांना व्हरांड्यात खाली बसवलं, आबांना बोलावणं धाडलं आणि ते आल्यावर त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. घाई हाय का, म्हणून सगळ्यांना एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आबा, उद्या आडवं पडल्यावर तुमाला कुठं न्यायचं?"

मरण हा शब्द त्या कधीच वापरत नसत. आडवं पडल्यावर, एवढंच. थोरला मध्ये बोलायला गेला तेव्हा सिस्टरनी त्याच्याकडे न बघता नुसता हात वर केला. मग आबा म्हणाले, "त्या काचंच्या खोलीत न्हाई ठिवायचं. मागल्या बारीला तीन रोज कुणाचं त्वांड दिसलं न्हाई मला. घरी खाट टाका. दम लागला तर लागला."

हे मी त्यांना चार पानं वाचून विचारलं होतं आणि त्यांनी नुसती मान डोलवली होती.

हे ध्यानात कोण ठेवील, असं सिस्टरनी विचारलं. लाडकं कोण ते नगा सांगू, घरात तुमचं शेवटपतोर ऐकून घेतंय कोण ते सांगा. आबांनी कमरेची चंची सोडली, एक अख्खी सुपारी काढली आणि ज्ञानोबाच्या हातावर ठेवली. हा ज्ञानोबा म्हणजे घरात ज्याला कुणी काही विचारत नसे, बोलायला लागला की अडखळायचा. सिस्टर सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या की सोयरीक ठरताना पाच जणांत सुपारी फोडतात आणि मग शब्द फिरवता येत नाही, तसंच हे. फक्त ही फोडायची नाही, सांभाळायची. थोरल्याने माझ्याकडून तो फॉर्म घेतला, घडी करून खिशात टाकला आणि सगळे निघून गेले. मला कुणी रामराम पण केला नाही.

त्या दिवसापासून सुपारीची पद्धत पडली. सिस्टर उपकेंद्राला जाताना, पेन्शनच्या रांगेत, कुणाच्या बारशात, सवडीने ते विचारत. म्हातारी माणसं आपल्या चंचीतली सुपारी घरातल्या एकाच्या हातावर ठेवत आणि आडवं पडल्यावर काय करायचं ते चारचौघांत बोलून टाकत. ज्याच्या हातावर ठेवली तो किंवा ती त्या माणसाची बोलणारी. माझे फॉर्म कपाटात पिवळे पडले.

बीडच्या आढावा बैठकीत हे उघडं पडलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, तुमच्या केंद्रात काय प्रगती. मी फॉर्मची अडचण सांगायला उभा राहिलो, तेवढ्यात माझ्याबरोबर आलेल्या सिस्टर मागच्या रांगेतून म्हणाल्या, "फारम न्हाईत साहेब, पर आमच्या गावात लई म्हाताऱ्यांनी सुपारी दिलीय. बहुतेक सुनांनाच दिली."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या केंद्राचा डॉक्टर माझ्या कानाशी लागून म्हणाला, "कुणाला उडवायचं बे?" तेव्हा कुठे मला उमगलं की पेपरात ज्या अर्थाने सुपारी छापून येते तोच अर्थ सगळ्यांनी घेतलाय. बाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी सरळ सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. हशा उसळला, मग थांबला, मग माणसं कान देऊन ऐकू लागली. जेवणाची वेळ टळून गेली तरी अधिकारी प्रश्न विचारत होते. शेवटी सगळ्यांचा फोटो काढला. त्यात सिस्टर मधोमध आहेत, तोंड किंचित उघडं, बहुतेक बोलतच होत्या. मी अगदी कडेला आहे आणि माझा अर्धा चेहरा फोटोत आलेला नाही. परतीच्या एसटीत त्या मला शेंगदाणे देत होत्या. मी घेतले नाहीत.

माझी आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. धारूरचं घर बंद करून तिला मी क्वार्टरमध्ये आणलं, कारण तिचं हृदय थकलं होतं आणि मी डॉक्टर होतो. तिची औषधं, तिचं मीठ, तिचं पाणी, सगळं मी मोजूनमापून ठेवलं होतं. सिस्टर कधी शेवग्याच्या शेंगा, कधी ताक घेऊन यायच्या आणि आईजवळ टेकायच्या. मी दवाखान्याच्या खिडकीतून बघायचो. आई बोलत असायची, बाई ऐकत असायच्या. घरात आल्यावर मी विचारायचो, काय बोलणं चाललं होतं, तर आई म्हणायची, काय न्हाई रे, उगं आपलं.

एके दिवशी सकाळी आईला एकदम धाप लागली. ओठ निळसर, पायावर सूज. मी ऑक्सिजन लावला, रुग्णवाहिका दारात आणली आणि संभाजीनगरच्या मित्राला फोन करून अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली. स्ट्रेचर आत येत असताना माझी बायको सुजाता दारात उभी राहिली.

"आईंना न्यायचं नाही," ती म्हणाली.

मी तिच्यावर ओरडलो. सोळा वर्षांच्या संसारात इतका कधी ओरडलो नव्हतो. ती हलली नाही. तिने पदराची गाठ सोडली आणि त्यातली सुपारी मला दाखवली. चार महिन्यांपूर्वी, सिस्टर समोर असताना, आईने तिच्या हातावर ठेवली होती. नाकाला ऑक्सिजन चालेल, घशात नळी नको. मशीनवर ठेवायचं नाही. जमलं तर धारूरला न्यायचं, दारात खाट टाकायची. सुजाता हे शाळेतल्या मुलीसारखं न अडखळता म्हणत होती आणि तिचे डोळे वाहत होते. आईकडे बघितलं तर तिने डोळे उघडले होते. ती सुजाताकडे बघून मान हलवत होती. माझ्याकडे नाही.

त्याच रुग्णवाहिकेतून आम्ही तिला धारूरला नेलं. तिथे ती आठ दिवस होती. दारातल्या खाटेवरून येणाऱ्याजाणाऱ्याला नावाने हाक मारायची, दोन दिवस तर पिठल्याची चव घेतली. आठव्या दिवशी दुपारी, सुजाता केस विंचरत असताना गेली. तिला हवं होतं तसंच सगळं झालं, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि तरी दहाव्याच्या विधीला बसलो असताना माझ्या मनात दुःखाच्या बरोबरीने जे होतं तो हेवाच होता, माझ्या स्वतःच्या बायकोचा. ज्या सिस्टरनी हे घडवून आणलं त्यांच्याशी तर मी बोलणंच टाकलं. एकदाच विचारलं, मला का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, ते सांगायचं माझं न्हाई साहेब, तुमच्या आईचं होतं. मला ते उत्तर उद्धट वाटलं. त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात मी दोन मिनिटं बोललो आणि त्यातलं एक मिनिट रजिस्टरवर गेलं.

दोन वर्षांनी कळलं, बाईंना यकृताचा कॅन्सर झालाय आणि त्यांनी औषधोपचार थांबवायचं ठरवलंय. मी सकाळच्या गाडीने त्यांच्या गावी निघालो. वाटेत माझ्या मनात काय होतं ते सांगायला लाज वाटते. मला वाटत होतं, आता तरी त्या माझं नाव घेतील. नवरा केव्हाच गेलेला, मुलगी सुरतला दिलेली. इतकी वर्षं एका छताखाली काम केलेला डॉक्टर, त्यांना दुसरं कोण आहे. संकोच करू नका सिस्टर, मी आहे, हे वाक्य मी गाडीत दोनदा मनात म्हणून बघितलं.

त्या ओसरीवर गोधडी टाकून पडल्या होत्या. डोळे पिवळे झालेले, चेहरा उतरलेला, आवाज मात्र तोच. त्यांच्या पायाशी एक दांडगी बाई लसूण सोलत बसली होती. सिस्टर म्हणाल्या, ही माझी जाऊ, पारूबाई. हीच माझी बोलणारी.

मला खरं वाटेना. या जावेशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचा नऊ वर्षं अबोला होता, हे अख्ख्या दवाखान्याला पाठ होतं. मी विचारलं, हिलाच का. सिस्टर हसल्या. म्हणाल्या, नऊ वर्सं बोलली न्हाई, पर भिंतीपल्याडून माझा शब्द न् शब्द ऐकत व्हती. पारूबाईंनी लसणाचं टरफल फुंकलं.

मला थांबता आलं नाही. मी लहान मुलासारखा म्हणालो, "मी का नाही, सिस्टर? मला तुम्ही कधीच जमेस का नाही धरलंत?"

त्यांनी पारूबाईंना पाणी आणायला आत पाठवलं. मग माझ्याकडे वळून, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात बोलल्या. "तुमच्या आईनं तुमाला तीन बार सांगायला घेतलंतं. पोळ्याला, मंग दसऱ्याला, मंग तुमी दोघं धारूरला गेलतात तवा. मला त्यांनीच सांगितलं. तीनी बार तुमी त्यांची गोळी बदलली."

मला तिन्ही वेळा आठवल्या. पोळ्याला तिने म्हटलं होतं, मला आता लई दगदग सोसायची न्हाई रे, आणि मी लघवीच्या गोळीचा डोस वाढवला होता. दसऱ्याला तिने माझा हात धरून, मी काय म्हणते, एवढंच म्हटलं होतं. पुढे तिला काय म्हणायचं होतं ते मी ऐकलं नाही, कारण तिचा हात थंड लागला होता आणि मी लगेच दुसरी गोळी लिहिली होती. तिसऱ्या वेळी तर मी गाडी चालवत होतो, तरी वाटेत थांबून गोळी बदलून घेतली होती.

"तुमी वाईट न्हाईत," सिस्टर म्हणाल्या. "तुमाला माणूस गेलेलं चालत न्हाई. डागदरला त्ये बरंच हाय. पर मग सांगणाऱ्यानं सांगावं कसं?"

ओसरीवर ऊन आलं होतं. त्या थोडा वेळ डोळे मिटून पडल्या आणि मग मिटल्या डोळ्यांनीच, हळू, जवळजवळ थट्टेने म्हणाल्या, "किती भरली?"

काय किती, ते मला आधी समजलं नाही. मग खाली बघितलं. माझी तीन बोटं त्यांच्या मनगटावर, नाडीवर होती आणि माझी नजर घड्याळावर. ती बोटं तिथे केव्हा गेली, मला सांगता येणार नाही.

मी हात काढून घेतला. तो कुठे ठेवावा हे मला कळेना.